‘चोवीस तासांत टाकी तयार’ : बडोद्यात खाऱ्या पाण्याच्या टाकीवरून होणारी फसवणूक

बडोद्यातल्या एका मराठी कुटुंबाला एकाच टाकीसाठी तीनदा मासे विकले गेले. तिन्ही वेळा मासे मेले आणि तिन्ही वेळा खापर घरच्यांवर फुटलं. पहिल्यांदा “काकी, खाणं जास्त पडलं”, मग “लाइट फार वेळ चालू ठेवलात”, आणि शेवटी “कुणीतरी पाण्यात हात घातला असणार”. विकणाऱ्याचं नाव इथे देत नाही, पद्धत सांगतो. ती ओळखता आली पाहिजे.

टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ १९० लिटर. वाळू आणि दगड घातल्यावर पाणी मावतं १६० लिटरच्या आसपास. सोमवारी टाकी मांडली, बोअरचं पाणी भरलं, मीठ ढवळलं, ‘बॅक्टेरिया’ची बाटली ओतली. बुधवारी दोन क्लाउनफिश, तीन निळे डॅमसेल आणि मुलांनी हट्ट धरला म्हणून एक ब्लू टँग. शुक्रवारी सकाळी क्लाउनफिश पृष्ठभागाला तोंड लावून होते, कल्ल्यांची उघडझाप थांबत नव्हती. संध्याकाळी टँग दगडाला टेकून आडवा. अमोनियाची चाचणी केली तेव्हा जी नळी पिवळी राहायला हवी ती पाच मिनिटांत पोपटी आणि मग गडद हिरवी झाली. त्या पाण्यात कितीही जपून खाणं घातलं असतं तरी मासे जगले नसते.

कारण साधं आहे. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत बाहेर पडतो. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे जिवाणू दगडांवर, वाळूत आणि फिल्टरमध्ये पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर अमोनिया साचत जातो, आणि खाऱ्या पाण्यात तो गोड्या पाण्यापेक्षा जास्त मारक ठरतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो. त्या पीएचला एकूण अमोनियातला सात-आठ टक्के भाग विषारी रूपात असतो. पीएच ७ ला तोच भाग एक टक्क्याच्याही खाली. घरी आधी गोड्या पाण्यात गप्पी-मॉली पाळलेले लोक इथेच फसतात, कारण “आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी मासे सोडले होते, काही झालं नाही” हा अनुभव खरा असतो.

बाटलीतले जिवाणू सगळे खोटे नसतात. पण मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली, ४२ अंशांत महिनाभर ठेवलेल्या बाटलीत जिवंत काय उरलं असेल? तारीख बघा, फ्रिजमध्ये ठेवायची असेल तर ती दुकानात फ्रिजमध्येच होती का ते बघा, आणि बाटली ओतली म्हणजे टाकी तयार झाली असं समजू नका. टाकी तयार आहे की नाही हे चाचणीच सांगते. मासे नसताना टाकीत अमोनियम क्लोराइड घाला. म्हणजे आपला नवसागरच, पण कल्हईवाल्याकडचा नको, प्रयोगशाळेच्या शुद्धतेचा घ्या. १६० लिटर पाण्याला एक ग्रॅम घातला की अमोनिया साधारण २ पीपीएम (म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम) होतो. दर दोन दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट मोजून वहीत लिहा; अमोनिया शून्यावर आला की पुन्हा एक ग्रॅम. आधी अमोनिया उतरतो, नायट्राइट चढतं, आणि ते बरेच दिवस वरच अडकून राहतं. बहुतेकांचा धीर तिथे सुटतो. एक ग्रॅम घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले तर टाकी तयार. मग निम्मं पाणी बदलून साचलेलं नायट्रेट खाली आणा आणि दुकानात जा.

आता मिठाकडे येऊ, कारण या प्रकरणातली सगळ्यात निर्लज्ज फसवणूक तीच होती. साध्या पॉलिथिनच्या पिशवीत, लेबलाशिवाय सहा किलो पांढरं मीठ मिळालं. “इम्पोर्टेड बकेटमधून काढून दिलंय, काकी, स्वस्त पडेल.” देशातलं बहुतेक मीठ गुजरातेतच पिकतं, त्यामुळे मिठागराचं मीठ इथे मातीमोल भावात मिळतं आणि दिसायला ते वेगळं ओळखू येत नाही. मिठागरात समुद्राचं पाणी आटवताना सोडियम क्लोराइडचे खडे काढून घेतात आणि मॅग्नेशियमने भरलेलं कडू पाणी सोडून देतात. म्हणजे समुद्रातून आलेलं असूनही ते मीठ म्हणजे पुन्हा समुद्र नव्हे. त्यात मॅग्नेशियम आणि कॅल्शियम नावाला उरतं आणि पीएच धरून ठेवणारी क्षारता जवळजवळ नसतेच.

हे घरी पकडता येतं. एक लिटर आरओ पाण्यात ३६ ग्रॅम मीठ विरघळवा, हवेचा पंप लावून रात्रभर चालू ठेवा, सकाळी क्षारता आणि कॅल्शियम मोजा. टाकीच्या खऱ्या मिठाने क्षारता ७ ते ११ डीकेएच (क्षारता मोजायचं एकक) आणि कॅल्शियम ४०० पीपीएमच्या आसपास यायला हवं. खाण्याच्या मिठाने दोन्ही आकडे तळाला जातात. ही तपासणी आरओ पाण्यातच करा. बोअरच्या जड पाण्यात स्वतःची क्षारता आणि कॅल्शियम असतं, त्यात मिसळलं तर नकली मीठही बऱ्यापैकी आकडे दाखवतं. या कुटुंबाच्या टाकीत नेमकं बोअरचंच पाणी होतं, म्हणून चोरी दोन महिने झाकली गेली. बंद बादली, छापलेला बॅच नंबर, त्याशिवाय मीठ घेऊ नका.

क्षारता-कॅल्शियमइतकाच खारटपणाही मोजा. विशिष्ट गुरुत्व, म्हणजे साध्या पाण्याच्या तुलनेत खाऱ्या पाण्याची घनता, १.०२५ ते १.०२६ हवं. प्लॅस्टिकच्या काट्याच्या हायड्रोमीटरला हवेचे बुडबुडे चिकटले तर काटा उचलला जातो आणि आकडा खोटा जास्त येतो. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर पाण्यातून प्रकाश किती वाकतो त्यावरून खारटपणा दाखवणारं उपकरण) घ्या आणि ३५ पीपीटीच्या, म्हणजे हजारात ३५ भाग खारट, द्रावणाने जुळवून घ्या. उन्हाळ्यात बडोद्यात पाणी भराभर उडतं पण मीठ मागेच राहतं, म्हणून रोजची भर साध्या आरओ पाण्याची, खाऱ्या पाण्याची नाही. आणि पाणी २४ ते २७ अंशांत ठेवायला मे महिन्यात चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) किंवा रात्रंदिवस एसी लागतो. हा खर्च पॅकेजच्या कोटेशनमध्ये कधीच नसतो. विकत घेण्याआधी विचारा.

मासे घरी आणताना पिशवीतल्या पाण्याचा खारटपणा मोजायला विसरू नका. पुष्कळ ठिकाणी विक्रीच्या टाक्या १.०१९-१.०२० वर ठेवतात. मीठ वाचतं आणि काही परजीवीही आटोक्यात राहतात. तिथून मासा थेट १.०२६ मध्ये गेला तर त्याच्या शरीरातलं पाणी ओढलं जातं आणि दोन-तीन दिवसांत तो “कारण नसताना” मरतो. दुसऱ्या छोट्या टाकीत दुकानाच्याच खारटपणावर ठेवून दिवसाला ०.००१ ते ०.००२ इतकंच वर न्या. ती टाकी तशीही लागतेच, कारण नव्या माशाला निदान चार आठवडे वेगळं ठेवून पांढऱ्या ठिपक्यांचा रोग येतो का ते पाहायचं असतं. लांबच्या प्रवासातून पार्सलने आलेल्या पिशवीत मात्र तासन्तास थेंबथेंब पाणी सोडत बसू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे अमोनिया निरुपद्रवी राहतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. पिशवी न उघडता १५-२० मिनिटं तरंगत ठेवून तापमान जुळवा, मग उघडून लगेच मासा जाळीने काढा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

पहिला मासा म्हणून टाकीत पैदास झालेल्या क्लाउनफिशची जोडी घ्या, बाकी काही नाही. दुकानदाराला तुमच्यासमोर खाणं घालायला सांगा. मासा खात नसेल किंवा पोट आत गेलं असेल तर नको. “डॅमसेल टाका, टाकी पिकते” हा सल्ला ऐकू नका. डॅमसेल आधी गेला की सगळे दगड त्याचे होतात, नंतर येणाऱ्याला तो फाडतो, आणि त्याला पकडायचं तर टाकी उपसावी लागते. ब्लू टँग तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो, तीन फुटी टाकीत त्याला आणणंच चूक.

“जामनगरचा लाइव्ह रॉक”, म्हणजे समुद्रातून काढलेला, जिवाणू बसलेला प्रवाळाचा दगड, कुणी देऊ केला तर तिथूनच परत फिरा. कच्छच्या आखातात सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूचीत आहेत. प्रवाळ मेलेलं असलं तरी विकणारा आणि घेणारा दोघेही अडचणीत येतात. कोरडे, कृत्रिम दगड चालतात. जिवाणू त्यांवरही बसतात.

मासे आधीच सोडून बसला असाल तर खाणं थांबवा, हवेचा पंप जोरात लावा, आणि तापमान व खारटपणा जुळवलेल्या पाण्याने निम्मं पाणी बदला; अमोनिया खाली येईपर्यंत रोज. पैसे परत मागायचे तर जीएसटीचं बिल, मिठाच्या पिशवीचा फोटो, तारखेसह चाचणीच्या नळीचा फोटो आणि “२४ तासांत तयार” लिहिलेला व्हॉट्सॲपचा मेसेज जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. या कुटुंबाला कच्च्या चिठ्ठीवर फक्त “फिश सेट” लिहून दिलं होतं. त्यामुळे मीठ काय होतं, मासे किती होते, यातलं काहीच कागदावर नव्हतं. बिलात प्रत्येक माशाची जात आणि संख्या, मिठाचं नाव आणि वजन वेगवेगळं लिहून मागा. लिहून द्यायला कुरकुर झाली तर पैसे पाकिटातच राहू द्या.