सुरमईसाठी जिग: लांबट की पसरट?

मालवण-देवगडच्या समुद्रात होडीतून सुरमई धरायची, पण पैसे एकाच प्रकारच्या जिगचे (माशासारख्या दिसणाऱ्या धातूच्या खोट्या आमिषाचे) आहेत. मग कोणती घ्यावी?

आधी वेग पाहा. सुरमई पळत्या भक्ष्यामागे सुसाट येते. लांबट, सडपातळ जिग ओढीच्या पाण्यातही झटकन खाली जाते आणि रील जोरात फिरवली तरी सरळ धावते. पसरट जिग पानासारखी हेलकावत उतरते. मासा ती पडतानाच धरतो, पण भरभर ओढली की ती पाण्यात अडते आणि हात भरून येतात.

टिकाऊपणात फारसा फरक नाही. सुरमईचे दात दोन्हींचा रंग खरवडतात, त्यामुळे महागड्या रंगकामाला पैसे घालू नका. तारेचा लीडर (दोरी आणि जिग यांच्यामधला तारेचा तुकडा) मात्र हवाच, नाहीतर जिगसकट मासा गेला. सुरमई बहुतेकदा मागून शेपटीवर तोंड मारते, म्हणून मागच्या टोकाला गळ असावा. खडकाळ तळाशी तोच गळ अडकतो, एवढं लक्षात ठेवा.

फक्त सुरमई हवी असेल तर बिनधास्त लांबट घ्या. खडपावर गोबरा, तांबोशीही हवी असेल आणि सावकाश खेळायची तयारी असेल, तर पसरट.