वक्ता बोलवायचा, स्टॉल लावायचे की टेबलं मांडायची? खान्देशात छोट्या धंदेवाल्यांसाठी कार्यक्रम घेताना

व्यापारी मंडळ असो, बचत गटांचा प्रभागसंघ असो, की गणपतीतली शिल्लक वर्गणी चांगल्या कामाला लावू पाहणारं मंडळ, छोट्या धंदेवाल्यांसाठी काही करायचं ठरलं की बैठकीत तीनच गोष्टी निघतात. एक जण म्हणतो, मोठा वक्ता आणू. दुसरा म्हणतो, स्टॉल लावू. तिसरा, बहुधा बँकेतून निवृत्त झालेला, म्हणतो नोंदणीचं आणि कर्जाच्या माहितीचं शिबिर घेऊ. मग हॉलचं भाडं, मंडपवाला, पाहुण्यांना भरीत-पुरी की शेवभाजी, इथवर चर्चा जाते आणि खरा प्रश्न बाजूलाच राहतो. दुसऱ्या दिवशी शटर वर करणाऱ्याच्या पदरात यातून पडणार काय? तिन्ही पर्याय मी त्याच मापाने मोजतोय.

वक्त्याचा मेळावा

घ्यायला सगळ्यात सोपा. हॉल, माईक, शाल-श्रीफळ, चहा-पोहे आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. खान्देशात तर वक्त्याला गोष्टही तयार मिळते: 1945 साली अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्यातूनच पुढे विप्रो उभी राहिली. गोष्ट शंभर टक्के खरी, अभिमानाचीही. पण पिठाची गिरणी चालवणाऱ्याने ती ऐकून सोमवारी करायचं काय, हे कोणी सांगत नाही.

माझं मत असं की छोट्या धंदेवाल्याला उभारी देतो तो त्याच्यापेक्षा दोनच पायऱ्या वर असलेला माणूस. घरच्या कढईत केळीचे वेफर्स तळायला सुरुवात केली आणि आज रावेर-सावद्याकडच्या दुकानांत नियमित माल टाकतो, असा कोणी. त्याला लोक खरे प्रश्न विचारतात. पाकीट सील करायचं मशीन कुठून घेतलं? मऊ पडलेला माल दुकानदाराने परत केला तेव्हा तोटा कोणी सोसला? उधारी किती दिवसांची? बाहेरगावच्या वक्त्याला हे विचारता येत नाही, आणि विचारलं तरी उत्तर मिळत नाही.

तेव्हा मेळावाच घ्यायचा असेल, तर एका मोठ्या वक्त्याच्या मानधनात तालुक्यातली चार माणसं बसवा. प्रत्येकाला पंधरा मिनिटं बोलायला आणि तेवढाच वेळ प्रश्नांना. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे आणि सत्कारमूर्ती मिळून दीड तास खाणार असतील, तर तो कार्यक्रम त्यांचा झाला, धंदेवाल्यांचा नाही.

प्रदर्शन आणि विक्री

सगळ्यांचा ओढा इकडेच असतो. गर्दी दिसते, पैसे फिरतात, मंडपात मसाल्याचा वास सुटतो. फैजपूरला डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं, तेव्हाही सोबत खादी-ग्रामोद्योगाचं प्रदर्शन होतं, म्हणजे ही परंपरा आपल्या मातीत जुनीच. त्या अधिवेशनातली एक गोष्ट आयोजकांनी उचलण्यासारखी आहे. नंदलाल बोस यांनी तिथली सजावट बांबूसारख्या गावच्या साहित्यातून केली होती. आपणही कार्यक्रमाचा खर्च त्याच छोट्या धंदेवाल्यांकडे वळवू शकतो. मंडप तालुक्यातल्याच माणसाचा, नाश्ता बचत गटाचा, छपाई गावातल्या प्रेसची. कार्यक्रमाची पहिली ऑर्डर ज्यांच्यासाठी कार्यक्रम आहे त्यांनाच मिळाली, की निम्मं काम तिथेच झालं.

पण प्रदर्शन दिसतं तेवढं स्वस्त नाही, विशेषतः स्टॉल घेणाऱ्याला. भाडं, गाडीभाडं, दोन माणसांचा रोज, चाखायला दिलेला माल, आणि दुकान बंद ठेवलं त्याचा खाडा वेगळाच. धडगाव किंवा अक्कलकुव्याहून जळगावला आलेल्या बायकांची मुक्कामाची सोय आयोजकांनी केली नाही, तर कमाई लॉजवाल्याच्या खिशात जाते. एका स्टॉलवाल्या मावशी शेवटच्या रात्री खोके बांधता बांधता म्हणाल्या, "गर्दी भलती व्हती भाऊ, पण मना माल इकायना नही." शेजारच्या रांगेत ओळीने पापड-कुरडयांचेच स्टॉल होते आणि पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांनी एकमेकींचे भाव पाडले होते. याला एकच उपाय: एका प्रकारच्या मालाचे किती स्टॉल घ्यायचे ते आधी ठरवा, भरले की नाही म्हणा. भाडं बुडतं, पण बिचाऱ्या स्टॉलवालीचा माल तरी खपतो. खाण्याचे स्टॉल हमखास चालतात, म्हणून ते दाराशी नको, सगळ्यात शेवटी हवेत. लोक वडापावच्या ओढीने का होईना, बाकीच्या रांगेतून तरी जातात.

एका दिवसाच्या प्रदर्शनाच्या फंदात पडू नका. पहिला दिवस मांडामांड आणि उद्घाटनातच सरतो, गावात बोलबाला व्हायला दुसरा उजाडतो. तीन दिवस हवेत आणि त्यात रविवार असलाच पाहिजे. वेळ चार ते दहा. दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि हिवाळा सोडला तर आपल्याकडे दुपारी मंडपात कुत्रंही फिरकत नाही.

यात्रेला जोडून स्टॉल लावावेत का, हेही विचारलं जातं. सारंगखेड्याला दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोडेबाजार, अमळनेरला वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा, मुक्ताईनगरला माघात मुक्ताईची. गर्दी आयती मिळते, जाहिरातीचा खर्च वाचतो. मात्र यात्रेकरू पाळण्यात बसायला आणि जिलबी खायला आलेला असतो. मसाला, चटणी, घोंगडी, शेतीची अवजारं तिथे खपतात. घरगुती साबण किंवा भरतकामाची पर्स घेऊन बसलेली बाई मात्र दिवसभर रस्ता विचारणाऱ्यांना उत्तरं देत बसते.

आणि प्रदर्शनातली खरी गळती कुठे होते ते पाहा. बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पाकीट. माल एक नंबर, घेणाऱ्याला घरी जाऊन आवडला, त्याला पुन्हा मागवायचाय. पाकिटावर पेनाने लिहिलेला मोबाइल नंबर तेलाच्या बोटांनी पुसलाय, शेवटचे दोन आकडे दिसत नाहीत. निव्वळ वजन नाही, किंमत नाही, तारीख नाही, अन्न नोंदणीचा (एफएसएसएआय) क्रमांक नाही. असं पाकीट जळगावातला मोठा दुकानदार फळीवर ठेवणार नाही, पुण्याचं तर नावच नको. तीन दिवसांच्या विक्रीपेक्षा त्या पाकिटाचं लेबल नीट करून दिलं असतं तर वर्षभराची गिऱ्हाइकी लागली असती. म्हणून माझा कौल तिसऱ्या पर्यायाकडे झुकतो.

टेबलांचं शिबिर

यात फोटो काढण्यासारखं काही नसतं. शाळेचा हॉल, पाच-सहा टेबलं, लॅपटॉप, प्रिंटर आणि रांग. पण माणूस काहीतरी हातात घेऊन घरी जातो.

पहिलं टेबल उद्यम नोंदणीचं, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं. 1 जुलै 2020 पासून सुरू झालेली ही नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट आहे, कागद अपलोड करावे लागत नाहीत, आधार आणि पॅनवर काम होतं. तरी तालुक्याच्या ठिकाणी त्यासाठी पैसे मोजणारे कितीतरी लोक भेटतात. फायदा काय, हे मात्र टेबलावर बसणाऱ्याला नीट सांगता आलं पाहिजे, कारण तो सगळ्यांना सारखा नाही. माल बनवणारा किंवा सेवा देणारा सूक्ष्म-लघु उद्योग नोंदलेला असेल, तर 2006 च्या कायद्याप्रमाणे खरेदीदाराने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसल्यास 15 दिवसांत पैसे द्यायचे असतात. मोठ्या गिऱ्हाइकाकडे बिल अडकलेल्या माणसाला हे ठाऊकच नसतं. किराणा दुकानदाराची गोष्ट वेगळी. व्यापाऱ्यांना 2021 पासून उद्यममध्ये घेतलं, पण फायदा फक्त बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या (ज्यांना बँकांनी कर्जाचा ठरावीक वाटा द्यायचाच असतो त्या क्षेत्रांतल्या) कर्जापुरता, उशिरा मिळणाऱ्या पैशांचं संरक्षण त्यांना नाही. हा फरक न सांगता सगळ्यांच्या हातात प्रमाणपत्र ठेवलं, तर ते कपाटात धूळ खातं.

दुसरं टेबल बँकेचं. मुद्रा या सरकारी कर्जयोजनेत शिशु गटात 50 हजारांपर्यंत, किशोरमध्ये 5 लाखांपर्यंत, तरुणमध्ये 10 लाखांपर्यंत, आणि तरुणचं कर्ज नीट फेडलेल्याला 20 लाखांपर्यंत. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, न्हावी अशा 18 कारागिरींसाठी पीएम विश्वकर्मा योजना आहे: आधी 1 लाख, ते फेडल्यावर 2 लाख, व्याज 5 टक्के, शिवाय अवजारांसाठी 15 हजारांपर्यंत मदत. इथे आयोजकांनी फार जपून बोलावं. निमंत्रणात "कर्ज" हा शब्द आला, की दोन दिवसांत गावभर "कर्जवाटप आहे" असं होतं आणि रांगेत असे लोक उभे राहतात की ज्यांचा धंदाच नाही. "कर्ज वाटले जाणार नाही, अर्ज कसा करायचा ते सांगितले जाईल" हे मोठ्या अक्षरात छापा.

तिसरं टेबल लेबल आणि अन्न नोंदणीचं. चौथं बँक खात्याचं, कारण गटाच्या स्टॉलवरचा क्यूआर कोड अध्यक्षबाईंच्या नवऱ्याच्या खात्याला जोडलेला असतो आणि दिवाळीनंतर हिशोबाला बसलं की भांडण लागतं.

शिबिर फसतं ते एका फालतू कारणाने. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला असतो. ओटीपी येत नाही, सगळी रांग तुंबते. पोस्ट पेमेंट्स बँकेचे पोस्टमन आधारचा मोबाइल नंबर बदलून देतात. त्यांना त्याच दिवशी नाही, पंधरा दिवस आधी बोलवा. आणि "आधारला जोडलेला नंबर ज्या फोनमध्ये आहे तो फोन आणा" हे निमंत्रणात लिहा. तो फोन पुष्कळदा शिकायला बाहेरगावी गेलेल्या मुलाकडे असतो.

शिबिराची उणीवही सांगतो. ते रुक्ष आहे. उत्साह वाढवून कोणी घरी जात नाही, पुढाऱ्यांना रस नसतो, शाखाधिकारी स्वतः न येता नव्या पोराला पाठवतो. एकट्या शिबिरावर संघटना उभी राहत नाही.

कुठे आणि कधी

जळगाव, धुळे, नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांचा कार्यक्रम असेल तर जळगावचा हट्ट धरू नका. अमळनेर सुरत-भुसावळ लोहमार्गावर आहे. नंदुरबार, दोंडाईचा, जळगाव, भुसावळ सगळे रेल्वेने येतात आणि धुळ्याहून रस्ता जवळचा. फेब्रुवारी 2024 मध्ये 97 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे झालं, त्यामुळे गाव गर्दी पेलू शकतं हे दिसलंच आहे. एका तालुक्यापुरतंच करायचं असेल तर आठवडे बाजाराच्या गावी घ्या. शिबिर बाजाराच्याच दिवशी, कारण लोक आलेलेच असतात. मेळावा मात्र त्या दिवशी अजिबात नको, दुकानदार गल्ला सोडून येणार नाही.

तारीख धंद्यावर ठरते. वाळवणाच्या बायका मार्च ते मे मान वर करत नाहीत, पण त्यांचं गिऱ्हाईकही तेव्हाच असतं. प्रदर्शन त्यांच्यासाठी असेल तर फेब्रुवारीचा शेवट बरा. नंदुरबारला मिरची वाळत घालतात त्या पथाऱ्यांवर हिवाळ्यात हात रिकामा नसतो. सातपुड्यात होळीआधीचा आठवडा आदिवासींच्या भोंगऱ्या बाजारांचा, त्यात दुसरं काही घालू नये. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी आलेल्या असतात, गावं भरलेली, पण ऊनही तसंच. बँकवाल्यांना मार्चमध्ये बोलावण्यात अर्थ नाही. कपाशीचा पैसा हातात येऊ लागतो तो दिवाळीच्या आगेमागे, तेव्हा घेणारेही सढळ असतात.

मग घ्यावं काय

तुमच्या तालुक्यात धंदेवाले एकमेकांना ओळखतच नसतील, तर आधी चार स्थानिक माणसांचा छोटा मेळावा. ओळख आहे, कागद नाहीत, असं असेल तर शिबिर, आणि माझ्या मते बहुतेक ठिकाणी परिस्थिती हीच आहे. ज्यांची लेबलं, खाती, नोंदणी झाली त्यांनाच घेऊन प्रदर्शन, तेही सहा-आठ महिन्यांनी. पैसे एकाच कार्यक्रमाचे असतील, तर सकाळी टेबलं आणि दुपारी जेवणानंतर दोन स्थानिक वक्ते. स्टॉल सोडून द्या. त्याऐवजी धुळ्याजवळच्या मुंबई-आग्रा महामार्गावरचे ढाबेवाले, शहरातले दोन किराणा घाऊक व्यापारी आणि एखादा केटरर, असे सात-आठ खरेदीदार बोलवून एका खोलीत बसवा आणि ज्यांचा माल तयार आहे त्यांना एकेक करून आत पाठवा. एका ढाब्याची महिन्याची पापडाची ऑर्डर स्टॉलच्या तीन दिवसांवर भारी पडते.

बजेट मांडताना कार्यक्रमानंतरच्या महिन्याचा खर्चही धरा. अर्ज कुठे अडकला, बँकेने कोणता कागद मागितला, लेबल छापून आलं का, हे विचारत फिरायला एक मुलगा किंवा मुलगी पगारावर ठेवा. फुकटात ठेवलं तर दोन आठवड्यांत फोन उचलणं बंद होतं. हॉलच्या फुलांचा आणि बुके-शालींचा खर्च कापला, तर तेवढे पैसे निघतात.