विद्यार्थी सूक्ष्मदर्शक, आठ महिन्यांनंतर: पेटीतल्या स्लाइडपेक्षा कंपाउंडची भिंत बरी

जूनमध्ये घेतला. साडेपाच हजार, सोबत २५ तयार स्लाइडची पेटी. अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेते. पोरं 'पुंधानी' (मॉस-नेच्यांचा नर अवयव), 'अंदुककलश' (त्यांचाच लांब मानेचा मादी अवयव) घडाघडा म्हणतात, बघितलेलं मात्र एकानंही नसतं, म्हणून हा खर्च.

दहाचं भिंग स्वच्छ. चाळीसचं चालतं, पण कडेला धूसर. शंभरचं तेलाचं भिंग शोभेपुरतं. खरा त्रास पावसाचा. कोल्हापूरच्या ऑगस्टात चाळीसच्या भिंगावर बुरशीचे धागे आले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, बुरशी वॉरंटीत येत नाही." तेव्हापासून चपलांच्या खोक्यांतल्या सिलिकाच्या पुड्या गोळा करून यंत्र झाकणाच्या डब्यात ठेवते.

पेटीत मॉसच्या दोन स्लाइडची लेबलं उलटी निघाली. लांब मानेचा चंबू दिसतोय आणि वर लिहिलंय 'नर'! चूक एका पोरानंच पकडली, नाहीतर मीही तेच शिकवलं असतं. पाइनची स्लाइड मात्र झकास: परागकणाला दोन्ही बाजूंना हवेच्या पिशव्या. आपल्याकडे पाइन बघायला कुठे जाणार?

मग श्रावणात मागच्या भिंतीवरचं मॉस खरवडलं. नर रोपाचं टोक छोट्या फुलासारखं पसरट असतं. ते पाण्याच्या थेंबात सुईनं फोडलं की सॉसेजसारख्या पुंधान्या बाहेर पडतात. यातल्या शुक्रपेशींना अंदुककलशापर्यंत पोहत जावं लागतं, म्हणून पाणी हवंच. नेच्यांचंही तेच.

नेच्यावरून आठवलं. शेजारच्या काकू कुंडीतल्या नेच्याच्या पानामागचे तपकिरी ठिपके कीड समजून औषध मारायला निघाल्या होत्या. "थांबा काकू, बीजुकं आहेत ती, त्यांतूनच नवे नेचे उगवतात," म्हणून एक पान मागून आणलं. ठिपका कोरडाच काचेवर झटकला, वर टेबललॅम्प धरला. बीजुककोशाच्या, म्हणजे बीजुकांच्या इवल्या पिशवीच्या, पाठीवर जाड पेशींचा कणा असतो. तो सुकत सुकत हळूहळू मागे वाकतो आणि एकदम पुढे झेपावून बीजुकं भिरकावतो, गोफणीसारखा! पोरं तासभर उठली नाहीत. नाद खुळा.

गौरीच्या तेरड्याचाही उपयोग झाला. फुलातले परागकण साखरपाण्यात टाकले. अर्ध्या तासात कणांतून नळी फुटून लांबायला लागली. ही नळी शुक्रपेशींना थेट बीजांडापाशी (ज्याची पुढे बी होते) नेते, त्यामुळे इथे पोहण्याचं कामच उरत नाही.

सायकसला (बागेतलं ते ताडासारखं दिसणारं झाड) यंत्र लागलंच नाही. मादीला बंद शंकू नसतो. लोकरी पानांच्या कडेला बीजांडं उघडीच लागतात. गंमत अशी की, यालाही परागनळी आहे, तरी शुक्रपेशी शेवटचं अंतर पोहतेच. जपानमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ इकेनो यांनी १८९६ मध्ये हे दाखवलं, आणि ही शुक्रपेशी नुसत्या डोळ्यांना ठिपका दिसेल एवढी मोठी असते. पोरं विचारतात, "मग दाखवा की मॅडम." घरी कसं दाखवणार?

पाचपैकी साडेतीन. घेणार असाल तर पेटी सोडून किंमत विचारा, वाचलेल्या पैशात कव्हरस्लिपांचे (स्लाइडवर झाकायच्या पातळ काचांचे) दोन डबे घ्या. फुटतात फार.