८.२५ आर १६ रेडियल, नऊ महिन्यांनंतर: टायर चांगला, आतली हवा गुल

टायर चांगला आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बराच वेळ चारशे रुपयांच्या एका नळीवर बोलणार आहे, आतल्या टायरचा हवेचा व्हॉल्व्ह बाहेर आणणाऱ्या.

गाडी सहाचाकी, चौदा फुटी, मागे दोन्हीकडे टायरांची जोडी, एक आत एक बाहेर. तुर्भ्याला माल भरायचा, भिवंडीच्या गोदामात खाली करायचा, येताना मिळेल ते भाडं. गेल्या ऑगस्टमध्ये दोन नवे रेडियल घेतले, १६ पीआर (प्लाय रेटिंग, म्हणजे थरांचा आकडा). खरं तर मागचे चारही बदलायला हवे होते. पण त्यातल्या दोघांत अजून पाच मिलिमीटर ग्रिप (नक्षीची खोली) होती. धडधाकट टायर भंगारात कोण देतो? मग नवे दोन्ही आत टाकले, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, जुने बाहेर. आतला पंक्चर झाला की बाहेरचाही खोलावा लागतो, मजुरी वाढते, म्हणून चांगला माल आत. ही अक्कल माझी स्वतःची, कुणी शिकवलेली नाही.

मे महिन्यात भर दुपारी मुंब्रा बायपासच्या चढावर डावा आतला फुटला. ड्रायव्हर मामांचा फोन आला, "शेठ, बाहेरचा शाबूत आहे, हळूहळू नेऊ का?" मी म्हटलं, न्या. ही माझी दुसरी अक्कल. त्याचा हिशोब पुढे येईल.

नऊ महिन्यांत नवा टायर फुटतो म्हणजे काय! क्लेम टाकला. आठवडाभराने उत्तर आलं: कमी हवेवर चालवला आहे, क्लेम नामंजूर. दुकानात जाऊन भांडलो. मामा रोज सकाळी दांडा आपटून सहाही टायर बघतात, हवा कमी कशी असेल? दुकानदाराने शांतपणे टायर उलटा करून आतून दाखवला. साइडवॉलच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीच्या, आत गोल फिरलेला काळपट पट्टा, रबर घासून भुकटी झालेली. मी तरी ऐकलं नाही. घरी येऊन एक तारा दिला आणि चार ओळी वाईट लिहिल्या. त्या ओळी आता काढल्या आहेत. तारे चार केलेत. पाचवा का नाही, ते नळीला विचारा.

झालं असं की भांडणासाठी पुरावा म्हणून टायरचे फोटो काढत होतो आणि साइडवॉलवरचं पहिल्यांदा नीट वाचलं. १२८/१२४. चौदा वर्षं धंद्यात आहे, हा आकडा कधी वाचला नव्हता. आपण फक्त पीआर विचारतो. त्या पीआरचाही थरांशी आता संबंध नाही, सुती थरांच्या जमान्यातलं माप आहे ते. स्टील रेडियलच्या अंगात थर बहुतेक एकच असतो. खरं वजन या दोन आकड्यांत आहे. १२८ म्हणजे १८०० किलो, टायर एकटा लावला तर. १२४ म्हणजे १६०० किलो, जोडीत लावला तर. तोच टायर, तीच हवा, पण शेजारी दुसरा आला की दोनशे किलो कमी. दोघे मिळून ३६०० नाही, ३२००.

सुरुवातीला मला वाटलं ही कंपनीची लबाडी, क्लेम टाळायची सोय. तसं नाही. जोडीतले दोन टायर वजन कधीच अर्धं अर्धं वाटून घेत नाहीत. रस्ता मधे उंच, कडेला उतरता. ॲक्सल वजनाने किंचित वाकतो. दोन्हीकडे आतल्यावर भार जास्त येतो. शिवाय आतल्याला वारा कमी, एका बाजूला ब्रेक ड्रमची धग. ते दोनशे किलो या सगळ्यासाठी राखून ठेवलेले असतात, आपल्या मालासाठी नाहीत.

मग भरलेली गाडी काट्यावर घेतली, फक्त मागची चाकं पाट्यावर ठेवून. ५१०० किलो. चार टायरांची ताकद ६४००. म्हणजे ओव्हरलोड नव्हताच! एवढा आनंद झाला की पावती घेऊन पुन्हा दुकानात जाणार होतो. पण कागदावर पुढचं गणित केलं आणि बसलो. एका बाजूला २५५०. आतला फुटल्यावर ते सगळं बाहेरच्या एकट्यावर, आणि एकट्याची ताकद १८००. त्या अवस्थेत माझ्या परवानगीने गाडी आठ किलोमीटर चालली. दुसरा फुटला नाही ही पुण्याई मामांच्या आईवडिलांची, माझी नाही.

आता माझी पहिली अक्कल. नव्याची ग्रिप तेरा मिलिमीटर, जुन्याची पाच. दोन्ही बाजूंनी धरून व्यासात सोळा मिलिमीटरचा फरक. जोडीत सहा मिलिमीटरच्या आसपास चालतो. दोन्ही टायर एकाच नटांनी बांधलेले, दोघांना एकाच वेळी फिरायचंय. कागदी हिशोबाने किलोमीटरमागे अठरा मीटरचा फरक पडतो, मग छोटा घासत जातो आणि मोठा वजन उचलतो. मोठा मी कुठे ठेवला होता? आत. जिथे आधीच भार जास्त आणि वारा कमी. फरक ठेवायचाच तर मोठा बाहेर ठेवतात, हे पंक्चरवाल्याला माहीत होतं. मी विचारलं नाही, तो बोलला नाही.

हे सगळं मान्य. तरी तो टायर जगला असता, हवा असती तर. आणि हवा का नव्हती? नळी नव्हती म्हणून! आतल्या टायरचा व्हॉल्व्ह डिस्कच्या भोकातून हात घालून शोधावा लागतो. पंपावरचा पोरगा बाहेरचे चार भरतो, आतल्यांना "ठीक आहे" म्हणतो. मामांच्या दांड्याला पूर्ण बसलेला टायर कळतो, पण ९८ आणि ६१ पीएसआय (हवेचा दाब) मधला फरक आवाजात येत नाही. हे आकडे खरे आहेत, फुटल्यानंतर उजवी जोडी गेजने मोजली तेव्हाचे. बाहेर ९८, आत ६१. छापील हवेपेक्षा वीस टक्के कमी असेल तर टायर पंक्चर समजून खोलून बघायचा, नुसती हवा मारून पुढे जायचं नाही, हेही तेव्हाच कळलं. खोलला. काळ्या पट्ट्याची सुरुवात तिथेही होती.

मग व्हॉल्व्ह बाहेर आणणाऱ्या नळ्या घेतल्या. पहिला सेट साध्या रबराचा, ३८० रुपये जोडी. घोडबंदरला गायमुखच्या खड्ड्यांत दोन फेऱ्यांत सैल. हवा धरण्यासाठी लावलेली वस्तू हवा सोडते, आणि विकणारा म्हणतो "ॲडजस्ट करून घ्या." दुसरा सेट जाळीदार स्टीलचा, डिस्कला क्लिपने पकडलेला. दुप्पट भाव, बरा आहे. मागे आता चारही टायर सारखे, उधारीवर.

मोठ्या गाडीवाल्यांसाठी एक गोष्ट. १०.०० आर २० चा १६ पीआर असेल तर त्यावर बहुतेक १४६/१४३ असतं. १४३ म्हणजे २७२५, चार टायरांचे १०,९००. चार टायरी ॲक्सलची मर्यादा २०१८ मध्ये १०.२ वरून ११.५ टन झाली. पासिंग ११.५ चं, टायर १०.९ चा. जाऊन आपापल्या साइडवॉल वाचा, नवे घेताना १४९/१४६ मागा.

गेज आता मामांच्या खिशात असतं. थंड टायरवर, गाडी हलायच्या आधी, सहाही मोजायचे. काल सकाळी फोन आला, "शेठ, डावा आतला चारने उतरलाय. नळीच्या नटातून फुसफुस येतेय."

जाळीदार, दुप्पट भावाची.