जुन्या गिटारमध्ये नवीन प्रीअँप बसवला, तीन आठवडे वाजवून लिहितोय

माझी गिटार ११ वर्षांची आहे. नुसती वाजवली तर अजून इतकी गोड वाजते की विकायचं कधी मनातच आलं नाही, पण केबल लावली की तीच गिटार पत्र्याची वाटायची. आतल्या मूळ प्रीअँपचे (पिकअपचा आवाज वाढवून बास-ट्रेबल बदलणारं, बाजूला बसवलेलं सर्किट) स्लायडर खरखरायचे, बॅटरीचं झाकण रबरबँडवर टिकून होतं, आणि जोरात स्ट्रमिंग केलं की पीझोचा, म्हणजे तारांखाली दाबावर चालणाऱ्या पिकअपचा, तो कॅक कॅक आवाज. गेल्या गणपतीत इथे इंदूरला रामबागेत भावगीतांच्या साथीला बसलो होतो, जी कॉर्ड धरली की मॉनिटरमधून गूंऽऽऽ. साउंडवाल्या दादाने बास पूर्ण काढून टाकला, गूं बंद झालं पण सोबत गिटारही गेली, फक्त तारांची टिकटिक उरली. तेव्हाच ठरवलं, पुढच्या गणपतीच्या आत हे काम करायचंच.

घेतला फिशमनचा प्रीसिस प्लस. मला हवी होती ती मुख्य गोष्ट म्हणजे नॉच फिल्टर आणि फेजचं (आवाजाची लहर उलटी करणारं) बटन, दोन्ही गूं थांबवायलाच. जी कॉर्डचा सगळ्यात खालचा सूर ९८ हर्ट्झचा, मोठ्या बॉडीच्या गिटारमधली हवा पण साधारण १०० च्या आसपासच घुमते, म्हणून नेमका तोच सूर पेटतो. नॉचने तेवढीच अरुंद पट्टी कापता येते, बाकी बास जागेवर राहतो. शिवाय ट्यूनर आहे, बास, मिडल, ट्रेबल, ब्रिलियन्स वेगवेगळे आहेत.

आता बसवण्याचं, कारण खरी गोष्ट इथेच आहे. गिटारच्या बाजूचं प्रीअँपचं भोक प्रत्येक कंपनीचं वेगळ्या मापाचं असतं, त्यामुळे ऑर्डर करायच्या आधी जुना प्रीअँप काढून भोक कागदावर ट्रेस करा आणि आतली खोली पण मोजा. माझं भोक नव्या पॅनलपेक्षा मोठं निघालं, मामांच्या फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये पातळ लाकडाची पट्टी कापून मध्ये बसवली, पॉलिश केल्यावर आता लक्षातही येत नाही. उलट झालं असतं तर बाजू कापावी लागली असती, आणि ती लाकडं जेमतेम २-३ मिलिमीटरची असतात, चिरली की संपलं.

पहिल्यांदा ज्या दुकानात दिली त्यांनी प्रीअँपसोबतचा नवीन पीझो पिकअप जुन्या सॅडलखाली (ब्रिजवरची पट्टी, जिच्यावर तारा टेकतात) तसाच सरकवून तारा चढवल्या. झालं काय, पिकअपच्या जाडीएवढं सॅडल वर आलं, बाराव्या फ्रेटला बोटं दुखायला लागली, आणि पहिली-दुसरी तार मिक्सरवर जवळजवळ ऐकूच येईना. मला वाटलं प्रीअँपच खराब आला, दोन रात्री झोप नीट लागली नाही.

मग आईने सुचवलं म्हणून तिच्या तानपुऱ्याची जवारी काढणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी आयुष्यात पीझो बघितला नव्हता. सॅडल हातात घेतलं, काचेवर उभं ठेवलं आणि म्हणाले, "अरे बाळ, ही घोडी खालून डुगडुगतेय, तार बोलणार कशी?" बरोबर होतं! पीझोवर सगळीकडे सारखा दाब पडला तरच सगळ्या तारा सारख्या वाजतात. काकांनी काचेवर पॉलिश पेपर चिकटवून सॅडलचा तळ एकदम सपाट केला, वाढलेली उंची तेवढीच उतरवली, खाचेतला जुना गोंद खरडून काढला. अर्धा तास लागला असेल. जॅकचं (केबल खोचायच्या जागेचं) सोल्डरिंग जेल रोडवर एका रिपेरिंगवाल्याकडून करून घेतलं, ते काम सोपं आहे, फक्त जॅक स्टीरिओच हवा कारण केबलची मोनो पिन आत गेली की बॅटरीचं सर्किट पूर्ण होतं. म्हणूनच वाजवून झालं की केबल काढून ठेवायची, नाहीतर ९ व्होल्टची बॅटरी रात्रभर उतरत राहते.

आवाज? सहाही तारा सारख्या. फिंगरपिकिंगमध्ये अंगठ्याचा बास गोल येतो. कॅक पूर्ण गेला असं नाही म्हणणार, सॅडलखालचा पीझो म्हटलं की थोडा राहतोच, पण मिडल मध्यापेक्षा जरा खाली आणि ब्रिलियन्स अगदी कमी ठेवलं की साथीला मस्त बसतो. ज्यांना आत माइकपण हवा त्यांनी याच कंपनीचा प्रीसिस ब्लेंड बघावा, मला स्टेजवर फीडबॅकची, म्हणजे त्या गूंची, धास्ती जास्त म्हणून मी नाही घेतला.

खर्च गिटारच्या मूळ किमतीच्या निम्म्याजवळ गेला, बऱ्याच जणांनी वेड्यात काढलं. काका मात्र पैसे घ्यायला तयार नव्हते, केबल लावून एकदा ऐकव म्हणाले. घरातला छोटा अँप घेऊन गेलो, जी कॉर्ड वाजवली, गूं नाही. त्यांनी चष्मा काढून स्वतः खालची तार तीन-चार वेळा छेडून बघितली.