सहा व्होल्टचा नवा रेग्युलेटर: पावसाळा ते दिवाळी

पावसाळ्याआधी आमच्या महायुद्धकालीन डॉज वेपन कॅरियरला सहा व्होल्टचा नवा रेग्युलेटर बसवला, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या डायनॅमोचं चार्जिंग ताब्यात ठेवणारा डबा. जुन्याचे पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) पार जळाले होते. आता दिवाळी उलटलीय, लिहायला हरकत नाही.

सुरुवातीला मी भेटेल त्याला सांगत होतो, हा माल घेऊ नका. सासवडहून परतताना दिवे घाटात अँपियर मीटरचा काटा थरथरायला लागला, हेडलाइट पिवळे पडले, आणि हडपसरला गाडी बंद केली तर सेल्फ घेईना. विकणाऱ्याने हात झटकले. नाना पेठेतल्या एका इलेक्ट्रिशियनने डायनॅमो न उघडताच सांगितलं, "आर्मेचर गेलंय साहेब, रिवाइंडिंग करावं लागेल." म्हणजे डायनॅमोतली फिरणारी कॉइल नव्याने गुंडाळायची. साडेपाच हजार! न तपासता एवढे पैसे मी देणार नव्हतो.

या ऑटोलाइट डायनॅमोच्या फील्डला (चुंबक तयार करणाऱ्या कॉइलला) अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीशी जोड, मिळतो तो रेग्युलेटरमधून. म्हणून रेग्युलेटर वगळून पाहायला डायनॅमोवरच्या दोन्ही तारा सोडवल्या, फील्डचं टर्मिनल क्षणभर बॉडीला टेकवलं, रेस जराशी दिली. व्होल्टमीटर झटकन दहाच्या पुढे! डायनॅमो ठणठणीत. (फील्डचा अर्थ आतूनच असेल तर ही चाचणी चालत नाही.)

मग तारा जोडून, चार्जिंग चालू असताना मीटरची एक पिन रेग्युलेटरच्या बेसवर आणि दुसरी डायनॅमोच्या बॉडीवर धरली. 0.6 व्होल्ट. तिथे 0.1 सुद्धा जास्त, आणि सहा व्होल्टच्या गाडीत तर हे फारच झालं. कारण काय, तर बेसला चहूबाजूंनी पावडर कोटिंग! स्क्रूच्या भोकांतसुद्धा. फील्ड, कटआउटची (डायनॅमो मंदावला की बॅटरीशी जोड तोडणाऱ्या स्विचची) कॉइल, सगळ्यांचा अर्थ त्याच बेसमधून जातो. कोटिंग खरवडून चकचकीत पत्रा काढला, दातेरी वॉशर घातले, बेसपासून डायनॅमोपर्यंत जाड तांब्याची तार ओढली. पन्नास रुपयांत काम.

तेव्हापासून 7.2 व्होल्टवर काटा स्थिर आहे. भर पावसात, दिवे आणि वायपर लावूनसुद्धा. पॉइंट परवा उघडून पाहिले, स्वच्छ आहेत. त्यामुळे माझं आधीचं मत मी मागे घेतो, वस्तू उत्तम आहे. कर्वे रस्त्यावर गाडी रांगत असताना काटा डिस्चार्जकडे जातो, पण त्याचा दोष रेग्युलेटरला देऊ नका, आयडलवर डायनॅमो चार्ज करतच नाही.

राग मात्र गेलेला नाही. एवढी किंमत घेता, मग अर्थचा एक स्क्रू द्यायला काय होतं? घेणार असाल तर बसवण्याआधीच बेस खरवडा. आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी रेग्युलेटरवरची बॅटरी आणि आर्मेचरची टर्मिनलं तारेने क्षणभर जोडून डायनॅमो पोलराइझ करा (म्हणजे त्याचे ध्रुव बॅटरीशी जुळवा), नाहीतर नवे पॉइंट पहिल्याच दिवशी जळतील.