खेळांची पेटी, लाकडी संच की घरातली परात?

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना घरी हातांनी काही करायला द्यायचं म्हटलं की हल्ली पालकांसमोर तीन पर्याय येतात. दर महिन्याला घरपोच येणारी खेळांची पेटी, माँटेसरी पद्धतीचे लाकडी संच, नाहीतर घरात आहेत त्याच वस्तू. आमची मुलगी आता सहाची होईल. तिच्या तिसऱ्या वाढदिवसानंतर हे तिन्ही आमच्या घरात आले आणि त्यातलं एक टिकलं. मुलं हातांनी शिकतात हे वाचणाऱ्यांना ठाऊक असणार, म्हणून त्यावर शब्द खर्च करत नाही. पैसे आणि संध्याकाळचा वेळ कुठे घालावा एवढंच ठरवायचं असेल, तर आमचा अनुभव कदाचित कामी येईल.

पेटीपासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. तिच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. महिन्याला एक विषय असतो, कधी समुद्र, कधी शरीर, कधी बाजार. उपक्रम वेगवेगळ्या पाकिटांत भरलेले असतात आणि गोंदापासून रंगांपर्यंत सगळं आतच मिळतं. आपल्याला काही सुचावं लागत नाही. दिवसभर काम करून घरी आलेल्या माणसाला ही सोय फार मोठी असते. आई-बाबा दोघंही रात्रीच घरी पोचतात अशा घरांत पेटीला नावं ठेवणं मला पटत नाही. मुलीचा आनंदही खरा होता. स्वतःच्या नावाने आलेलं पार्सल स्वतः उघडताना तिचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

माझं मत फिरवलं ते स्टिकरांनी. एका पेटीत झाडाचं चित्र होतं आणि ऋतूप्रमाणे पानं चिकटवायची होती, कोवळी, हिरवी, पिवळी. तिने मन लावून चिकटवली. झाल्यावर म्हणाली, "बाबा, परत करूया." आता परत कसं करणार? पानं मोजून दिलेली होती आणि ती चिकटून गेली होती. पेटीतल्या सूचनांच्या पत्रिकेवर पुढचा उपक्रम तयार होता, पण तिला पुढचा नको होता, हाच हवा होता. एकदा हे लक्षात आल्यावर मला ते सगळीकडे दिसायला लागलं. मण्यांचा हार झाला की वर गाठ बसली. मातीचा आकार वाळला की माती संपली. कोड्याच्या कागदावर रेघ ओढली की तो कागद बाद. प्रत्येक गोष्टीचा शेवट आधीच ठरलेला होता आणि तो पहिल्याच बैठकीत येत होता. त्यातही अवघड कामं, म्हणजे दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीचा कागद सोलणं किंवा पुठ्ठ्याची नेमकी घडी घालणं, माझ्याकडे यायची. तेवढा वेळ ती बघत बसायची.

ही तक्रार क्षुल्लक वाटेल. मला ती तशी वाटत नाही, कारण या वयातलं शिकणं पुन्हा पुन्हा करण्यातूनच होतं असं मी मानतो. ही पद्धत घडवणाऱ्या इटालियन डॉक्टर मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपलं पहिलं बालगृह उघडलं. तिथली साधारण तीन वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्यातले लहान-मोठे दट्टे भोकांतून काढत आणि परत बसवत होती. माँटेसरी मोजत बसल्या. मध्ये त्यांनी बाकीच्या मुलांना गाणं म्हणायला लावलं. त्या मुलीला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, तर तिने ठोकळा मांडीवर घेतला आणि काम चालूच ठेवलं. चाळीसहून अधिक वेळा तेच करून ती आपणहून थांबली तेव्हा दमलेली नव्हती, प्रसन्न होती. पहिल्या एक-दोन खेपांनंतर कुणी तिच्या हातात 'पुढचा उपक्रम' ठेवला असता तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

त्यामुळे दुसरा पर्याय, लाकडी संच, या कसोटीला सहज उतरतो. दट्ट्यांचा ठोकळा आजही तोच आहे आणि त्याची खुबी मला फार आवडते. मोठ्या भोकात चुकून लहान दट्टा गेला, तर शेवटी एक दट्टा असा उरतो जो उरलेल्या भोकात जातच नाही. चूक दाखवायला मोठ्या माणसाची गरज पडत नाही. मुलगी स्वतःच थबकते, सगळे काढते, पुन्हा बसवते. पेटीत आम्ही "शाब्बास" किंवा "अगं, तसं नाही" म्हणायला शेजारी बसलेलो असायचो. इथे ती आमच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

पण या खुबीचं सगळं यश सुताराच्या कामावर आहे. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त संचांत भोकं इतकी ढिली कापलेली असतात की शेजारचा दट्टाही त्यात आरामात बसतो. मग चूक दिसत नाही आणि उरतात ते नुसते लाकडाचे तुकडे. आमचा पहिला संच असाच निघाला. दुसरा चांगला होता, पण त्याची किंमत पेटीच्या बऱ्याच महिन्यांच्या वर्गणीएवढी होती. शिवाय ही साधनं एकेका कामासाठी घडवलेली असतात. ते काम हाताला बसलं की मुलगी पुढे जाते आणि साधन कपाटावर. दोन खोल्यांच्या घरात गुलाबी मनोरा, म्हणजे उतरत्या आकारांच्या ठोकळ्यांचा संच, कायम मांडून ठेवायला जागाही हवी. त्या मनोऱ्याचा सगळ्यात छोटा ठोकळा एक सेंटिमीटरचा असतो, धाकटं भावंड रांगत असेल तर हे आधी लक्षात घ्या. विकत घेताना आयएसआय चिन्ह बघावं. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना ते सक्तीचं आहे, नोंदणीकृत कारागिरांच्या हस्तकलेला त्यातून सूट आहे.

तिसरा पर्याय आमच्याकडे माझ्या आईमुळे आला. दुपारी मुलगी तिच्याजवळ असते. पेटीतल्या सूचना इंग्रजीत, त्यामुळे घरात ज्या माणसाकडे सगळ्यात जास्त वेळ आणि धीर आहे तेच माणूस त्या खेळातून बाहेर राहायचं. मी संध्याकाळी येऊन पत्रिका वाचेपर्यंत पाकीट तसंच पडून असायचं. आईने एके दुपारी मोड आलेले वाल परातीत घेतले, दोन वाट्या ठेवल्या आणि नातीला शेजारी बसवलं.

वाल सोलणं ज्यांनी केलंय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. कोमट पाण्यात टाकलेला वाल चिमटीत धरायचा आणि टोकाकडून हलकेच दाबायचा, की डाळिंबी सालातून सटकते. जोर जास्त झाला तर तिचे दोन तुकडे होतात, कमी झाला तर ती आतच राहते. म्हणजे बरोबर की चूक हे इथेही वस्तूच सांगते, दट्ट्याच्या ठोकळ्यात सांगते तसंच. फरक एवढाच की इथे परातभर वाल असतात. 'परत' म्हणायची वेळच येत नाही, पुढचा वाल हातात असतो. आमच्या मुलीने पुढे स्वतःहून तिसरी वाटी मागून घेतली, मोडलेल्या डाळिंब्यांसाठी. वर्गीकरण हा शब्द तिला कुणी शिकवला नव्हता. रात्री उसळ पानात आली की ती प्रत्येकाला विचारायची, "कुणी सोलल्यात?" चिकटवलेल्या झाडाबद्दल तिने असं कधी विचारलं नव्हतं. कच्चे वाल मात्र तोंडात टाकू देऊ नयेत, ते शिजवूनच खायचे असतात.

त्यानंतर अशी कामं दिसतच गेली. हिवाळ्यात मटार सोलताना शेंग उघडण्याआधी दाण्यांचा अंदाज करायचा आणि मग मोजायचे. श्रावणात फुलवाती. कापसाचं टोक तीन बोटांत धरून, दुधाचं बोट लावून पीळ द्यायचा. पेन्सिल धरायला नेमकी हीच तीन बोटं लागतात, आणि आमच्याकडे पेन्सिल धरायला शिकवावं लागलं नाही ते वातींमुळे, असं मला वाटतं. पुराव्याने सिद्ध करता येणार नाही, पण वाटतं. तांब्यात किती वाट्या पाणी मावतं, आणि तेच पाणी पसरट पातेल्यात ओतलं की कमी का दिसतं? हा प्रश्न तिने इतक्या वेळा सोडवला की बाथरूमची फरशी कोरडी राहीना. बाबांच्या जुन्या शर्टाची बटणं लावणं-काढणं आहे, छोट्या लाटण्याने लाटलेली वेडीवाकडी पोळी आहे. दिवाळीत सोसायटीच्या कोपऱ्यात किल्ला असतो. त्यात विटा रचणं, चिखल लिंपणं, अळीव पेरून रोज पाणी घालणं आणि उगवण्याची वाट बघणं, एवढं सगळं एकाच कामात येतं. कुठल्याही महिन्याच्या पेटीत मी हे इतकं एकत्र पाहिलेलं नाही.

हे आमच्या घराने काही नव्याने शोधलेलं नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक भावनगरला गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करत होत्या तेव्हापासून माँटेसरींची साधनं त्यांच्या नेहमीच्या वापरातली होती. १९४५ मध्ये त्यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागडे लाकडी संच तिथल्या आदिवासी पाड्यांवर परवडणारे नव्हते आणि मुलांच्या ओळखीचेही नव्हते. मग शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, काड्या अशा आसपासच्या वस्तूंवर शिक्षण उभं राहिलं. पद्धतीतलं मर्म त्यांनी ठेवलं, किमती साहित्य सोडलं. लाकडी संच पुरते ओळखणाऱ्या बाईंनी हा निर्णय घेतला, म्हणून मला त्याचं वजन जास्त वाटतं.

थोड्या मोठ्या, पाच-सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांची कचऱ्यातून बनवलेली खेळणी आहेत. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण करा, चौकोन करा, आणि दाबून बघा कोणता हलतो. चौकोन कलतो, त्रिकोण जागचा हलत नाही. हे त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतही फुकट मिळतं.

घरगुती मार्गाच्या अडचणीही खऱ्या आहेत. पहिली म्हणजे पसारा. आमच्याकडे नियम एकच आहे, जे करायचं ते परातीच्या आत. परातीखाली जुनी चादर. सांडलं तर चादर उचलायची, आणि उचलायला तीही हात लावते. याने पसारा नाहीसा होत नाही, आवाक्यात राहतो. दुसरी अडचण वेळेची. मुलाच्या हाताने मटार सोलायचे तर स्वयंपाक लांबतो, त्यामुळे शाळेच्या दिवशी सकाळी हे जमत नाही, आम्ही करतही नाही. तिसरी, कुणाला तरी सुचावं लागतं. आजी असेल तर प्रश्न नाही. नसेल तर आठवड्याची भाजी आणतानाच यातलं काय मुलाच्या हाती देता येईल, असा विचार केला तर बरंच निघतं.

सुरक्षेबद्दल मात्र मी ठाम आहे. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती सुटे दाणे देऊ नयेत. ते नाकात जातात, घशात अडकतात. त्यांच्यासाठी कणीक बरी, मीठ आणि हळद घालून मळलेली. त्यावरच्या मुलांनाही दाण्यांबरोबर एकटं सोडू नये. 'स्पर्शाच्या खेळा'साठी राजमा सुचवतात, पण कच्चा राजमा पोटात गेला तर उलट्या-जुलाब होतात, त्यापेक्षा तांदूळ घ्यावा. काही विकतच्या संचांत पाण्यात फुगणारे रंगीत मणी येतात. ते गिळले तर पोटात फुगून आतडं अडवू शकतात. आमच्या घरात ते कधीच येणार नाहीत.

आता निवड. लांबचा रेल्वेप्रवास असेल, मूल आजारातून उठून अंथरुणातच असेल, किंवा घरात दिवसभर सांभाळणाऱ्या ताईंना काहीतरी ठरवून द्यायचं असेल, तर पेटी घ्यायला हरकत नाही. एकेक महिन्याची घ्या, सवलतीच्या मोहात वर्षाची वर्गणी भरू नका. आणि पाकीट फोडण्याआधी एकदा बघा, हे उद्याही करता येईल का. लाकडी संचांपैकी एकच घ्यायचा तर दट्ट्यांचा ठोकळा घ्यावा, तोही दुकानात जाऊन स्वतः बसवून बघून. शेजारचा दट्टा भोकात गेला तर तिथेच परत ठेवा. उरलेल्या पैशांतून आम्ही एक छोटं पोळपाट-लाटणं आणि मुलीच्या हाताला पेलेल असा तांब्या आणला. दोन्ही रोज वापरात आहेत.

सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर मटारापासून करा. वालाला दोन दिवस आधी भिजवण्या-बांधण्याची तयारी लागते, मटार बाजारातून आणला की लगेच परातीत घेता येतो.